मोहफुलं आणि बंद पडलेला ब्लॉग

आठवीत शाळा सोडली तेव्हा एवढं नक्की वाटलं होतं, की शाळेच्या खोलीत परत पाय ठेवायची वेळ आपल्यावर येणार नाही. कोरोनाच्या पहिल्या वर्षी मी शाळेतच राहायला गेलो. राहायला म्हणजे, ठेवला गेलो.

मी मोबाइलच्या टॉवरवर कामाला असतो. वर चढणारा नव्हे, खालचा. बॅटऱ्या बदलायच्या, जनरेटर बघायचा, कुठं उंदरानं वायर कुरतडली ते शोधायचं. मामाच्या हाताखाली हे शिकलो आणि त्याच्यापायीच शाळा सुटली. गाव माझं साताऱ्याच्या कोरड्या अंगाचं. त्या मार्चमध्ये मी होतो गडचिरोलीत, आलापल्लीच्या पुढं, जंगलातल्या एका लहानशा गावात. तिथला टॉवर नवा होता पण सारखा मरायचा. ठेकेदाराच्या गाडीनं मला सोडलं, ड्रायव्हर म्हणाला, चंद्रपूरहून नव्या बॅटऱ्या घेऊन उद्या येतो. तो उद्या काही आला नाही. सगळं बंद झालं, आणि गावाच्या दोन्ही तोंडांना लोकांनी लाकडं आडवी टाकली.

आता मी गावाच्या आत होतो, पण बाहेरचा होतो. लोक तोंडाला गमछे बांधून लांब उभे राहिले आणि माझ्यावर चर्चा केली. मी टूलबॉक्सवर बसून ऐकत होतो. कुणी म्हणालं, टॉवरखालीच राहू द्या. पोलीस पाटील म्हणाले, तिथी अस्वल येते, मेला तर आपल्यालेच घोर. शेवटी शाळा ठरली. एक खोली, हातपंप, मागं संडास. चौदा दिवस गेटच्या बाहेर यायचं नाही, आणि गावातल्या कुणी गेटच्या आत जायचं नाही. शाळेच्या मागून जाणारी पायवाटसुद्धा बंद केली.

खोलीत गुरुजींची खुर्ची होती. पहिल्या दिवशी तिच्या पाठीवर शर्ट टाकला आणि लगेच उचलला. भिंतीवर मुळाक्षरं, प्राणी, पक्षी, एका कोपऱ्यात मुलांनी रंगवलेले हाताचे पंजे. मी खाली फरशीवर झोपायचो. खुर्चीत एकदाही बसलो नाही. कुणी बघणारं नव्हतं तरी.

जेवण आणायची ती शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी बाई. शाळा बंद, म्हणून ते काम तिच्याकडंच आलं. तिशी-पस्तिशीची असेल. मी तिला ताई म्हणायचो, ती मला भाऊ. गेटजवळच्या दगडावर डबा ठेवायची, मागं सरकायची आणि ओरडायची, "भाऊ, या वो! मुंग्या चढतीन!" भात, लाखोळीची डाळ, आंबाडीची भाजी. मी डबा घासून उन्हात ठेवायचो, मग ती न्यायची. एकदा म्हटलं, ताई, पैसे तरी घ्या. तर म्हणाली, "काऊन, माह्या घरावर हॉटेलची पाटी दिसली का तुमाले?"

मी कामाचा माणूस. रिकामं बसलं की जीव घाबरा होतो. घरी फोन केला की आई रडायची, म्हणून तोही कमी केला. टॉवर मीच जुन्या बॅटऱ्यांवर कसाबसा जिवंत ठेवून आलो होतो, त्यामुळं फोनला रेंज होती. तेव्हा ब्लॉग आठवला.

पूर्वी पुण्याच्या बाजूला कामाला असताना मी ब्लॉग लिहायचो. आज कुठल्या गावच्या टॉवरवर गेलो, कुणी पाणी दिलं, कुठल्या कुत्र्यानं पाठ धरली, असलं साधं. वाचणारे मोजके, पण येत-जात असायचे. ते मला 'सर' म्हणायचे. मी कधी नको म्हटलं नाही, कारण ते ऐकायला बरं वाटायचं. मग एका वाचकानं अगदी साधेपणानं विचारलं, "सर, आपलं शिक्षण कशात झालं?" उत्तर लिहायला बसलो आणि पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. नवं काही लिहायचं तर आधी त्या माणसाला उत्तर द्यायला पाहिजे, असं मनात बसलं. उत्तर काही दिलं नाही, आणि लिहिणं थांबलं ते वर्षानुवर्षं थांबलं.

शाळेच्या फरशीवर पडल्या पडल्या तो ब्लॉग उघडला. प्रश्न तसाच खाली पडून होता. अंगठ्यानं टाइप केलं, "आठवी. सध्या शाळेतच आहे." आणि पाठवून दिलं. छातीवरचा दगड उतरला म्हणतात, तसं झालं. त्याच दिवशी नवं पान लिहिलं, शाळेच्या खोलीबद्दल, मुलांच्या पंज्यांबद्दल. टॉवरवाल्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. दोघातिघांनी अंगठे दाखवले. एक जण म्हणाला, तू लिहितोस हे माहीतच नव्हतं लेका. मला इतकं बरं वाटलं, की आता रोज लिहायचं ठरवलं. आजही वाटतं, त्या आनंदातच माझी अक्कल गेली.

झालं असं. ताईनं एकदा गेटपासून विचारलं, "तुमच्याकडे काय खातेत वो?" मी म्हटलं, ज्वारीची भाकरी. भात आम्हाला सणाला. ती "अगं माय" म्हणाली आणि गेली. दोन-तीन दिवसांनी डब्यात ज्वारीची भाकर. गावात ज्वारी लावणारं एकच घर होतं, तिथून तिनं पीठ मागून आणलेलं. थापायची सवय नसलेल्या हाताची भाकर ती, कडा चिरलेल्या, मध्ये जाड. मी तिचा फोटो काढला, मग खाल्ली, आणि खाता खाता रडलो. ते लिहायला लाज वाटते, पण रडलो.

हिला काहीतरी द्यावं, हे तेव्हापासून डोक्यात घुसलं. देणार काय? माझ्याजवळ स्पॅनर आणि टेस्टर. शाळेच्या मागं, कुंपणाला आतून लागून, मोहाचं एक मोठं झाड होतं. पहाटे त्याची फुलं टपटप पडायची. पिवळसर, रसाळ, जाड मण्यासारखी. वास आत खोलीपर्यंत. ताईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अंधारात मागं जाऊ नका, अस्वलाला मोह लई आवडते. ही फुलं इथली माणसं वेचतात, वाळवतात, खातात, विकतात, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. झाडाखालची जमीन अगदी साफ होती, पालापाचोळा जाळून काळी केलेली. मला वाटलं, शाळेची स्वच्छता. फुलं तिथं पडून सुकत होती, कुणी येत नव्हतं.

मग मी उजाडल्यावर वेचायला लागलो. शाळेची जुनी सतरंजी व्हरांड्यात अंथरली, त्यावर पसरली. रोज ढीग वाढायचा. क्वारंटाइन संपलं की एकदम ताईच्या पुढ्यात ठेवायची, असं मनाशी ठरवलं. तिला काही बोललो नाही. व्हरांडा मागच्या अंगाला, तिला गेटवरून दिसायचा नाही.

पण ब्लॉगवर मात्र धीर निघाला नाही. भाकरीचा फोटो टाकला, झाडाचा टाकला, सतरंजीवरच्या फुलांचा टाकला. लिहिलं, की मला खाऊ घालणाऱ्या ताईसाठी ही फुलं गोळा करतोय. आणि शेवटी एक वाक्य लिहिलं. ते इथं देताना हात आखडतो, पण देतो. "या झाडाला मालक नाही. जंगल कुणाला विचारून देत नाही, आणि घेणाऱ्यालाही विचारायची गरज पडत नाही." ते पान ग्रुपवरही टाकलं, आणि हे वाक्य मी स्वतःच पुन्हा पुन्हा वाचलं. आठवी शिकलेल्या माणसाला असलं सुचलं याचं मला कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी गावातून बायकांच्या भांडणाचा आवाज आला. लांबून शब्द कळत नव्हते, पण दोन आवाज होते आणि त्यातला एक ताईचा. डबा उशिरा आला. ताई नव्हती, तिचा नवरा होता. त्यानं डबा दगडावर ठेवला, पण मागं सरकून निघून गेला नाही. उभाच राहिला.

"भाऊ, ते तुमी मोबाइलवर काय लिहलं?"

मी म्हटलं, काय झालं?

"माह्या थोरल्या वहिनीचा पोरगा हाय ना, चंद्रपूरजवळ ऊर्जानगरले कामाले. त्याच्या फोनवर आलं ते, कोनंतरी पाठवलं. त्यानं वाचून दाखवलं मायले, फोनवरून. झाडाचा फोटो पाहून वळखलं त्यानं. बिचारा म्हने, आई, आपलं झाड!"

हळूहळू मला सगळं समजत गेलं. ते झाड ताईच्या नवऱ्याच्या वडिलांच्या वेळेपासून त्यांच्या घराचं. जमीन सरकारची असो की शाळेची, मोह त्यांचा. दोघे भाऊ वेगळे निघाले तेव्हा भांड्यांसारखी, बैलांसारखी मोहाची झाडंही वाटली गेली. शाळेमागचं मोठं झाड थोरल्याच्या वाट्याला गेलं, आणि थोरल्याच्या मागं आता वहिनीच्या. धाकट्याच्या, म्हणजे ताईच्या, वाट्याला नाल्याजवळची दोन लहान झाडं. ताई तेव्हाही काही बोलली नव्हती. खालचा पाला वहिनीनंच जाळून ठेवला होता, फुलं मातीत हरवू नयेत म्हणून. जाळलेली जागा म्हणजे, हे माझं आहे, मी येणार आहे. या गावात ते पोराटोरालाही सांगावं लागत नाही, म्हणून मलाही कुणी सांगितलं नव्हतं. आणि ती आली नाही ती माझ्यामुळं. पायवाट माझ्यापायी बंद होती.

"लोक म्हनून राह्यले," तो खाली बघत म्हणाला, "का माह्या बायकोनंच तुमाले भाकर खाऊ घालून वहिनीचा मोह वेचाले लावला. वाटनीचा राग काढला म्हने."

मी म्हणालो, त्यांना ठाऊकसुद्धा नाही हो! मी कुणाला बोललोच नाही!

"मले ठावं हाय," तो म्हणाला. "पन तुमीच लिहलं ना, ताईसाठी."

तो गेल्यावर मी पहिली गोष्ट काय केली, तर ते पान उडवलं. घाबरट माणूस आधी पुसतो. त्यानं आणखी वाईट झालं. संध्याकाळी डबा आणताना नवरा म्हणाला, पोरानं फोटो काढून ठेवला होता त्या लिखाणाचा, आणि आता गावात म्हणतात, चोरी उघडी पडली म्हणून मिटवलं. तो डबा मी उघडलाच नाही. पोटात भूक होती, पण घास कुणाच्या जिवावर घ्यायचा?

दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतः आली. साठीकडं झुकलेली, काटक, पदर कमरेला खोचलेला, तोंडावर गमछा. तिच्यामागं अंतर सोडून बरेच लोक. ताईही आलेली, पण बाजूला, निंबाखाली, कुणाशी न बोलता. वहिनी गेटच्या बाहेरच थांबली.

"काय गा टावरवाल्या! झाडाले मालक नाई म्हनते? मंग खालचा पाला कोनं जाळला, तुह्या बापानं येऊन?"

मी हात जोडले.

"उद्या तुह्या टावरखालची बॅटरी उचलून नेतो मी. जंगलानं देल्ली म्हनतो. चालन काय?"

लोक हसले. मीही हसलो असतो, दुसऱ्याबद्दल असतं तर. मी म्हटलं, मी परत लिहितो, सगळं नीट लिहितो, चूक माझी होती म्हणून—

"लिहू नको! ते लिहलेलं माह्या पोराले दिसते. मले तोंडानं सांग. इथी, सगळ्यायसमोर."

मी तोंड उघडलं आणि नुसतं "ताई... ताई..." करत राहिलो. वहिनी म्हणाली, "बाप्पा! एवढाले लेख लिहिते, अन् तोंडातून एक शब्द निंगत नाई."

मग शब्द निघाले. मी म्हटलं, ताईंनी मला काही सांगितलं नाही. त्यांना फुलांचं माहीतच नव्हतं. मी परगावचा, झाड कुणाचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त जेवू घातलं.

"जोरानं! तिथवर आइकू गेलं पाह्यजे," असं म्हणून तिनं निंबाकडं बोट दाखवलं.

मी ओरडून सांगितलं. पुन्हा. आवाज मध्येच चिरकला, शाळेत कविता म्हणताना चिरकायचा तसा. ताई माझ्याकडं बघत नव्हती. ती जमिनीकडं बघत होती आणि तिचा गमछा ओला झालेला लांबून दिसत होता.

"आन मंग माहे फुलं," वहिनी म्हणाली. मी सतरंजी ओढत आणली, तसे लोक मागं पळाले. कुणी ओरडलं, हात लावू नको, कोरोना आहे, यानं हातानं वेचलीत. वहिनीही थबकली. सगळा मोह समोर, आणि घेता येईना. तेव्हा ताईचा नवराच म्हणाला, "मंग फुलायलेबी कोरंटाईन करा ना! यायच्या संगच सुटतीन."

आणि तसंच ठरलं. फुलं माझ्याबरोबर अडकली. शिवाय वहिनीनं हुकूम सोडला, की सगळी पडेपर्यंत रोज मीच वेचायची, कारण तिला मागं जाता येत नव्हतं ते माझ्यामुळं. दररोज सकाळी ती बंद पायवाटेच्या तोंडाशी येऊन उभी राहायची आणि तिथून ओरडायची. "मुठीनं नको दाबू! एकेक घे!" "फिरव, फिरव, एकीकडूनच भाजून राह्यला!" "ते काळं पडलं ते वेगळं कर, ढोरायले जाईन!" मी खाली बसून तिची फुलं वेचायचो. काम मिळालं म्हणून जीव शांत असायचा, आणि शांत असतो म्हणून लाज वाटायची.

ताई दुसऱ्या दिवसापासून पुन्हा डबा आणू लागली. आता ओरडायची नाही. ठेवायची आणि जायची. एकदा मी गेटपर्यंत पळत गेलो आणि म्हणालो, ताई, माझं चुकलं. ती थांबली.

"तुमी मले इचारलं असतं तं मी सांगितलं असतं," ती म्हणाली. "झाडाचं बी, अन् भाकरीच्या फोटोचं बी. माह्या हातची भाकर मी तुमाले देल्ली होती. जगाले नाई देल्ली." मग म्हणाली, "आता वहिनी माह्या दारावरून जाते अन् तिकडे पाहून जाते. माह्याशी बोलत नाई. मी तुमाले उपाशी ठेवलं असतं तं बरं झालं असतं काय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती.

ब्लॉगवर मी ते पान परत टाकलं, आणि वरती लिहिलं की झाड मालकीचं आहे, मालकीण कोण हे गावाला ठाऊक आहे, आणि जेवू घालणाऱ्या बाईचा यात काही संबंध नाही. पोरानं ते वाचून आईला सांगितलं असावं. वहिनी मात्र सकाळी फुलांवरूनच ओरडत राहिली.

माझी मुदत संपली, तरी गाडी आणखी बऱ्याच दिवसांनी पास काढून आली. तोवर मोह पडायचा थांबला होता. वहिनी टोपली घेऊन आत आली, फुलं हातात घोळवली, एक तोंडात टाकलं. "अर्धे चांगले वाळले," एवढंच म्हणाली. ताई आली नाही. तिचा नवरा आला, म्हणाला, ती सांगून राह्यली होती, घरी पोचल्यावर फोन करजा. लिहू नका म्हने, फोन करा.

नंबर मी टूलबॉक्सच्या झाकणावर लिहून घेतला. पण घरी पोचल्यावर फोन करायचं धाडस झालं नाही. आज करू, उद्या करू. ब्लॉगवर त्या माणसाला उत्तर द्यायचं जसं टाळत होतो, तसंच. एवढं बरं होतं की या वेळी ते माझं मलाच दिसलं. एका सकाळी टॉवरखाली जनरेटर बंद करून, आवाज थांबल्यावर, फोन लावला.

ताईनं उचलला. मी कोण ते सांगितलं. "हो, वळखलं वो," ती म्हणाली. "पोचलात काय? आईची तब्येत?" आईशी तिचं कधी बोलणं झालेलं नव्हतं, तरी विचारलं. मी सगळं सांगितलं. मग म्हटलं, ताई, मी अजून लिहितो. आता ज्याच्याबद्दल लिहितो त्याला आधी वाचून दाखवतो. तुमच्या गावाबद्दल लिहिलं तर चालेल का? नावं नाही टाकणार.

ती उत्तर देणार, एवढ्यात तिच्या जवळूनच, अगदी हातभर अंतरावरून, दुसरा आवाज आला. "कोन हाय वं? तो फुलचोर काय?"

"हो, तोच," ताई फोन न झाकता म्हणाली. "इचारून राह्यला, लिहू काय म्हनून."

"इचारून राह्यला?" वहिनी म्हणाली. "आता शिकला म्हना!" आणि भांडं खाली ठेवल्याचा, आणि दोघींच्या हसण्याचा आवाज आला. सकाळची वेळ होती, काहीतरी निवडत बसल्या असतील, तांदूळ नाहीतर लाखोळी. पुढं ताईनं मला काही विचारलं नाही, तिकडंच बोलत राहिली. फोन चालूच होता.

मला हसू आलं नाही. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. पण मी फोन ठेवला नाही, बॅलन्स जात होता तरी उभा राहून त्या दोघींचं बोलणं ऐकत राहिलो.